हजार किलोंची लाकडी बैठक

घरातील प्रवाळ मत्स्यालयासाठी स्टँड तयार करताना घ्यावयाची काळजी

दिवाणखान्यात समुद्राचा एक तुकडा आणून ठेवण्याचा छंद महानगरांत चांगलाच रुजला आहे. रंगीत मासे, खडकांवर फुलणारे प्रवाळ आणि निळसर प्रकाश यांवर पाहणाऱ्याची नजर खिळते, पण ज्यावर हे सारे उभे असते त्या स्टँडकडे सहसा कोणी पाहत नाही. बाजारातील बहुतेक तयार स्टँड गोड्या पाण्याच्या लहान टाक्यांसाठी बनविलेले असतात. सहा फुटी खाऱ्या पाण्याच्या टाकीला ते पुरे पडत नाहीत, त्यामुळे ओळखीच्या सुताराकडून लाकडी स्टँड करून घेण्याकडे अनेकांचा कल असतो. हा मार्ग योग्य आहे, मात्र एक गोष्ट आरंभीच ध्यानात घ्यावी लागते. टाकी भरून प्रवाळांचा संसार एकदा मांडला गेला, की स्टँडची दुरुस्ती जवळपास अशक्य होते. त्यासाठी सगळी टाकी रिकामी करावी लागते आणि वर्षानुवर्षे जोपासलेली जीवसृष्टी पणाला लागते. म्हणूनच टाकीच्या आयुष्याहून स्टँडचे आयुष्य अधिक असले पाहिजे.

वजनाचा हिशेब

उदाहरणादाखल १८० सें.मी. लांब, ६० सें.मी. रुंद आणि ६० सें.मी. उंच टाकी घेऊ. तिची क्षमता ६४८ लिटर भरते. समुद्राचे पाणी गोड्या पाण्यापेक्षा किंचित जड असते; त्याचे विशिष्ट गुरुत्व सुमारे १.०२५ असते. त्यामुळे काठोकाठ भरलेल्या पाण्याचे वजन ६६४ किलो होते. बारा मि.मी. जाडीच्या काचेचे वजन दर चौरस मीटरला ३० किलो असल्याने केवळ काचच सुमारे १२० किलोंची होते. खडक व वाळू मिळून ११० किलो धरली, तरी त्यांनी बाजूस सारलेले पाणी वजा जाता सुमारे ६० किलोंची भर पडते.

प्रवाळ मत्स्यालयाच्या स्टँडमध्ये आणखी एक टाकी असते. पाणी गाळण्याची, तापविण्याची आणि सेंद्रिय मळ फेसावाटे काढून टाकण्याची उपकरणे या खालच्या गाळणटाकीत बसविलेली असतात. तिच्यातील १२० लिटर पाणी काचेसह १५० किलो भरते. स्टँडचे स्वतःचे वजन ७५ किलो धरल्यास एकूण बेरीज १ हजार ७० किलोंच्या घरात जाते. हा सारा भार जेमतेम १.०८ चौरस मीटर जागेवर येतो.

स्लॅब किती सोसेल?

निवासी खोल्यांसाठी भारतीय मानक ८७५ नुसार दर चौरस मीटरला साधारण २०० किलो वापरभार गृहीत धरला जातो. वरील टाकीचा भार तिच्याखालील जागेपुरता पाहिला तर तो त्याच्या सुमारे पाचपट आहे. याचा अर्थ टाकी ठेवताच स्लॅब कोसळेल असा नव्हे. तीन बाय चार मीटरच्या खोलीचा एकूण वापरभार याच हिशेबाने २ हजार ४०० किलो होतो आणि आरसीसी स्लॅब एका ठिकाणचा भार काही प्रमाणात आजूबाजूला वाटून देतो. मात्र त्याच खोलीत पुस्तकांची जड कपाटे, माणसे आणि इतर सामानही असते. अशा वेळी अंदाजावर विसंबणे इष्ट नाही. इमारतीचे नकाशे घेऊन संरचना अभियंत्याचा सल्ला घेणे आणि सोसायटीला पूर्वकल्पना देणे श्रेयस्कर ठरते.

टाकी खोलीच्या मध्यभागी ठेवण्याऐवजी तुळईच्या वर किंवा तिला लागून ठेवावी. येथे एक गैरसमज टाळावा. आरसीसी सांगाड्याच्या इमारतीत प्रत्येक भिंतीखाली तुळई असतेच असे नाही; विटांची पातळ भिंत केवळ आडोशासाठी बांधलेली असू शकते. न्हाणीघराच्या भागात स्लॅब खाली घेऊन वर भराव टाकलेला असतो, तोही भाग टाळावा. लाकडी पाटणीच्या जुन्या इमारतींत एवढ्या मोठ्या टाकीचा विचारच करू नये.

लाकूड कोणते?

सागवान टिकाऊ असते आणि दमट हवेत फारसे वाकत नाही, पण ते महाग पडते. शिवाय त्याच्या अंगच्या तेलामुळे गोंद नीट धरत नाही; त्यामुळे जोडण्यापूर्वी पृष्ठभाग पुसून स्वच्छ करावा लागतो. चांगले वाळविलेले पाइन लाकूड बळाच्या दृष्टीने पुरेसे आहे, मात्र त्यावर संरक्षक लेप चोख हवा. लाकडातील ओलावा १२ टक्क्यांच्या आसपास असावा. ओले लाकूड वापरल्यास ते पुढे आकसते, पिळते आणि चौकटीचा समतल बिघडतो. पावसाळ्यात दारे का अडकतात हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

चौकटीच्या वरील फळीसाठी आणि पाठीसाठी आयएस ७१० प्रतीचे मरीन प्लायवूड घ्यावे. पार्टिकल बोर्ड व एमडीएफ यांना पूर्ण फाटा द्यावा. पाणी लागताच ही पाटे फुगतात आणि त्यांचे बळ जाते. स्वस्तातील तयार स्टँड बहुधा याच कारणाने निकामी होतात.

भार लाकडावरून लाकडावर

स्टँडच्या रचनेचे मुख्य सूत्र सोपे आहे. टाकीचा भार वरच्या चौकटीवर, चौकटीचा उभ्या खांबांवर, खांबांचा तळाच्या चौकटीवर आणि तेथून जमिनीवर थेट उतरला पाहिजे. वरची आडवी पट्टी खांबाच्या माथ्यावर बसलेली असावी. ती खांबाच्या बाजूला स्क्रूने ठोकली, तर सारा भार त्या चार-सहा स्क्रूंवर लटकतो. खारट दमट हवेत स्क्रू गंजतात, त्यांच्याभोवती लाकूड चिरते आणि पट्टी हळूहळू खाली सरकते. सगळे स्क्रू काढून टाकले तरी उभा भार पेलला जाईल का, हा प्रश्न सुताराला अवश्य विचारावा. उत्तर होकारार्थी असेल तर रचना बरोबर आहे.

वरील आकाराच्या टाकीसाठी ७५ बाय ७५ मि.मी.चे सहा खांब घ्यावेत: चार कोपऱ्यांत आणि दोन लांब बाजूंच्या मध्यावर. मधल्या खांबांवर सर्वाधिक भार येतो, तरीही तो प्रत्येकी २५० ते २७५ किलोंपलीकडे जात नाही. खांबाच्या छेदावर हा दाब दर चौरस सें.मी.ला ५ किलोंहून कमी भरतो. चांगले लाकूड याच्या कितीतरी पट दाब सहज सोसते. म्हणजेच खांब चिरडले जाण्याचा धोका जवळपास नसतो. खरा धोका आहे तो आडव्या पट्ट्या वाकण्याचा आणि सबंध चौकट बाजूला कलण्याचा.

पट्टीचे वाकणे तिच्या आधारांमधील अंतरावर अवलंबून असते. समान पसरलेल्या भाराखाली हे अंतर निम्मे केले, की वाकणे सोळाव्या हिश्श्यावर येते. ५० मि.मी. जाड व १२५ मि.मी. उंच पाइनची पट्टी मधल्या खांबाशिवाय साडेतीन मि.मी.हून अधिक वाकू शकते. मध्ये खांब दिल्यास हेच वाकणे पाव मि.मी.च्या आसपास राहते. काच वाकत नाही, ती तडकते किंवा तिचे सिलिकॉनचे सांधे उकलतात. त्यामुळे समोरची जागा मोकळी दिसावी म्हणून मधला खांब गाळण्याचा मोह टाळलेला बरा. त्याचप्रमाणे पट्टी आडवी निजवून न लावता उभी लावावी. उंची दुप्पट झाली की पट्टीचा ताठपणा आठपट होतो.

चौकट कलू नये यासाठी पाठीला १२ मि.मी. प्लायवूड गोंद व स्क्रू लावून पक्के बसवावे. नळांसाठी त्यात भोके पाडावीत, पण ती कोपऱ्यांपासून दूर असावीत. एका बाजूस प्लायवूड न ठोकता काढता-घालता येणारे दार ठेवावे. वरील मापांत बाजूच्या दोन खांबांत ४५ सें.मी. मोकळी जागा राहते. तेथून ४० सें.मी. रुंदीची गाळणटाकी लांबीच्या दिशेने आत सरकविता येते. ही सोय न ठेवल्यास मधल्या खांबामुळे ती पुढे कधीच बाहेर काढता येत नाही.

स्टँडची उंची ८० सें.मी. ठेवल्यास चौकटी वजा जाता आत ५८ सें.मी.च्या आसपास उंची मिळते. फेस गोळा करणाऱ्या उपकरणाचा पेला साफसफाईसाठी वर उचलावा लागतो. म्हणून उपकरणे आधी निश्चित करून मगच स्टँडचे माप घ्यावे.

मीठ, ओलावा आणि धातू

समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. शिंतोडे वाळले की त्यांचे पांढरे थर साचतात आणि हवेतील ओलावा शोषून लाकूड सतत ओले ठेवतात. त्यामुळे आतील प्रत्येक पृष्ठभागावर इपॉक्सी किंवा पॉलियुरेथेनचे किमान तीन हात द्यावेत. प्लायवुडच्या कडा आणि खांबांची कापलेली टोके यांकडे विशेष लक्ष पुरवावे, कारण लाकूड सर्वाधिक पाणी तेथूनच शोषते. फरशी रोज ओल्या फडक्याने पुसली जाणाऱ्या घरांत तळाच्या चौकटीची खालची बाजूही रंगवावी. गाळणटाकीखाली कडा असलेला पाणरोधक तळ ठेवावा. वीज गेल्यावर पंप थांबतो व वरच्या टाकीतील काही पाणी खाली उतरते. तेवढी रिकामी जागा गाळणटाकीत राखून ठेवावी. आतली दमट हवा बाहेर पडण्यासाठी पाठीत झरोके आणि शक्य असल्यास छोटा पंखा बसवावा.

बिजागऱ्या व स्क्रू ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे घ्यावेत. पितळ दिसायला देखणे असले तरी त्यात तांबे असते आणि तांब्याचा अल्प अंशही प्रवाळ, कोळंबी व इतर अपृष्ठवंशीय जीवांना घातक ठरतो. तांबेयुक्त रसायनाने प्रक्रिया केलेले लाकूडही याच कारणाने वर्ज्य समजावे. वाळवीविरोधी औषधफवारणी करावयाची असल्यास ती टाकी आणण्याच्या बऱ्याच आधी उरकावी, कारण ही औषधेही कोळंबी-खेकड्यांसारख्या जीवांना मारक असतात. विजेच्या वायरी सॉकेटपर्यंत नेताना खाली वळसा देऊन मग वर न्याव्यात, म्हणजे ओघळणारे पाणी सॉकेटपर्यंत न पोहोचता वळशावरून खाली गळते. मत्स्यालयाच्या विद्युतमंडलात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असलाच पाहिजे.

समतल आणि चाचणी

चौकट तयार झाल्यावर तिचे दोन्ही कर्ण मोजावेत. ते समान भरले तर चौकट काटकोनात आहे. त्यानंतर पाणसळ लावून लांबी, रुंदी व कर्ण या तिन्ही दिशांनी समतल तपासावा. उणीव दिसल्यास प्लॅस्टिकच्या पाचरी तळाच्या चौकटीखाली द्याव्यात. टाकी व स्टँड यांच्यामध्ये पाचर कधीही घालू नये, कारण तेथे काचेवर एकाच बिंदूत दाब येतो. तळाची काच थेट टेकणारी टाकी असल्यास तिच्याखाली १० ते १२ मि.मी. थर्माकोलची सलग पाटी घालावी. तळाला प्लॅस्टिकची चौकट असलेल्या टाकीखाली मात्र थर्माकोल घालू नये. तिचा भार कडांवरच यावयास हवा.

पहिल्यांदा टाकीत साधे पाणीच भरावे, तेही चार टप्प्यांत. प्रत्येक टप्प्यावर पाण्याच्या पातळीचे काठापासूनचे अंतर चारही कोपऱ्यांत मोजावे. पाणी हीच सर्वात अचूक पाणसळ होय. पूर्ण भरल्यावर दोन दिवस थांबून पुन्हा मोजमाप करावे, दारे सहज उघडतात का ते पाहावे आणि फरशीला तडा नाही याची खात्री करून घ्यावी. दोष आढळल्यास या टप्प्यावर पाणी काढून टाकणे हाच काय तो त्रास. प्रवाळ आणल्यानंतर मात्र तीच दुरुस्ती फार महागात पडते.

प्रवाळ आणण्यापूर्वी

टाकी व स्टँड सिद्ध झाल्यानंतर कायद्याचाही विचार करणे आवश्यक आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ मध्ये खडक रचणारे सर्व प्रवाळ, काळे प्रवाळ आणि समुद्रपंखे यांचा समावेश करण्यात आला. आपल्या किनाऱ्यावरून प्रवाळ काढणे, विकणे वा विकत घेणे हा गंभीर गुन्हा आहे. मुंबईच्या किनारी रस्त्याच्या कामात अडथळा ठरलेल्या प्रवाळवसाहती २०२० मध्ये परवानगी घेऊन अन्यत्र हलवाव्या लागल्या, त्याचेही कारण हेच संरक्षण होते. २०२२ च्या दुरुस्तीनंतर सायटीस कराराच्या परिशिष्टांतील जिवंत परदेशी प्राणी बाळगणाऱ्यांवरही नोंदणीचे बंधन आले आहे. त्यामुळे विक्रेत्याकडे आयातीची कागदपत्रे मागावीत आणि शंका असल्यास वनविभागाकडे चौकशी करावी. कागदपत्रे दाखविण्यास टाळाटाळ होत असेल, तर त्या टाकीत मासे व निर्जीव खडकांचीच मांडणी करणे हा निर्धोक मार्ग ठरतो.