खुर्चीपुरता उजेड

जिझानमध्ये उजेडाची वाण आहे असे म्हटले तर येथे राहणारा कोणीही हसेल. तांबड्या समुद्राकाठचे हे गाव; ऊन असे की हिवाळ्यातही दुपारी पडदे ओढून घर अंधारे करावे लागते. गेल्या वर्षी आई आमच्याकडे राहायला आली, तेव्हा या अंधाराशी तिची गाठ पडली.

तिचे वय पंचाहत्तरीच्या आसपास. सामानात दिवाळी अंकांची जड पिशवी. कोपऱ्यातली खुर्ची तिने पहिल्याच दिवशी आपली केली, पण आठवड्याभरात अंक मिटून नुसतीच बसू लागली. "डोळे गेले रे माझे. परत जाते मी लवकर," म्हणाली. डॉक्टरांनी तपासून डोळे ठीक असल्याचे सांगितले. मग दोष कुणाचा?

मी पडलो डॉक्टरेट मिळवलेला इंजिनिअर! छताला दुप्पट प्रखर दिवा लावून मोकळा झालो. परिणाम असा की तिच्याच डोक्याची सावली पानावर, आणि गुळगुळीत कागदावरून तिरीप थेट डोळ्यांत.

खरे तर या विषयाचा आद्यगुरू अरबी भाषेतच लिहून गेला आहे. बसऱ्यात जन्मलेल्या आणि कैरोत काम केलेल्या इब्न अल-हैथमने अकराव्या शतकाच्या प्रारंभी प्रकाशशास्त्रावर मोठा ग्रंथ लिहिला. अंधाऱ्या खोलीच्या छिद्रासमोर त्याने निरनिराळ्या जागी दिवे ठेवले. भिंतीवर प्रत्येक दिव्याचा ठिपका वेगळा उमटला. एक दिवा झाकला की त्याचाच ठिपका नाहीसा झाला. म्हणजे उजेड सरळ रेषेत जातो आणि एकमेकांत कालवला जात नाही. आपण मात्र अजून खोलीत उजेड 'भरायला' जातो, जणू पिंपात पाणी!

पुढे 1760 मध्ये लॅम्बर्टने उजेड मोजण्याचे शास्त्र ग्रंथबद्ध केले. अंतर निम्मे केले की उजेड चौपट. मेणबत्ती एक मीटरवर साधारण एक लक्स उजेड देते. आज कचेरीत वाचण्या-लिहिण्यासाठी 500 लक्सचा दंडक आहे. म्हणजे मीटरभर दूर 500 मेणबत्त्या हव्यात, तर 40 सेंटिमीटरवर 80 पुरतात. शिवाय साठीच्या माणसाच्या दृष्टिपटलावर विशीतल्याच्या साधारण एक-तृतीयांशच उजेड पोचतो, कारण बाहुली आखडते आणि भिंग पिवळसर होते. आई पंचाहत्तरीची. मी दिव्याची ताकद वाढवत बसलो, अंतराकडे पाहिलेच नाही.

हे मी तिला कागदावर आकडे मांडून समजावत होतो, तर ती म्हणाली, "अरे, अण्णांना हे ठाऊक होतं."

अण्णा म्हणजे माझे आजोबा. आईचे माहेर कऱ्हाड तालुक्यातले. घरात प्रभाकर कंदील होता, आणि त्या भागात त्याचा अभिमान होता. ओगले बंधूंनी 1916 मध्ये औंध संस्थानच्या हद्दीत, कऱ्हाडजवळ काचकारखाना उभारला आणि त्यावरून त्या जागेचे नावच ओगलेवाडी पडले. त्याआधी 1908 मध्ये तळेगावला पैसा फंडाचा काचकारखाना निघाला होता, तो लोकांच्या पैशा-पैशाच्या वर्गणीतून. परदेशी कंदिलांच्या त्या जमान्यात देशी काचेला धग सोसायला शिकवणे हे लहान काम नव्हते. तसे पाहिले तर काचेच्या चिमणीने ज्योत स्थिर करण्याची युक्ती 1780 च्या दशकातली, स्वित्झर्लंडच्या आर्गांची. त्याच्या दिव्याची ज्योत इतकी लख्ख की तिच्यावर शेड घालायची वेळ आली.

अण्णांची शेड म्हणजे पोस्टकार्ड. रात्री पोरे निजली की ते कंदिलाच्या तारेत, पोरांच्या बाजूला, जुने पोस्टकार्ड खोचत. पोरांच्या डोळ्यांवर सावली, आणि कार्डावरून परतलेला थोडा उजेड अण्णांच्या 'केसरी'वर! "कार्ड भाजून तांबूस झालं की दुसरं," आई म्हणाली. "वास येई त्याचा."

पुढे 1932 मध्ये इंग्लंडमधील बाथच्या जॉर्ज कारवर्डाइनने स्प्रिंगांचा, हाताने वळवू तिकडे थांबणारा दिवा शोधला. हा गृहस्थ मोटारींच्या सस्पेन्शनचा तज्ज्ञ. नॉर्वेच्या याकोबसनने 1937 मध्ये त्याचे हक्क घेऊन 'लुक्सो' दिवा काढला. आम्हा संगणकवाल्यांना तो पिक्सारच्या 1986 च्या छोट्या चित्रपटातला उड्या मारणारा दिवा म्हणून ठाऊक.

तसलाच एक दिवा घेऊन आलो. (विजेचा दाब आधी तपासला! सौदीत घरोघरी 127 व्होल्ट असत. 230 कडे जाण्याचा निर्णय 2010 चा. पूर्वी पुण्याहून आणलेला तारेचा बल्ब इथे लावला होता. उजेड निम्मा नव्हे, जेमतेम आठवा हिस्सा!) आता नऊ वॅटचा पिवळसर एलईडी पुरला. दिवा खुर्चीच्या मागे, डाव्या खांद्याशी. शेडची खालची कड बसल्यावर डोळ्यांच्या पातळीला, म्हणजे बल्ब दिसत नाही. खोलीत दुसरा मंद दिवा चालू ठेवला, नाहीतर उजळ पान आणि काळोख यांत डोळे शिणतात.

आईने बसून पाहिले, दिव्याची मान स्वतःच दोन बोटे खाली केली, चष्मा पुसला. रात्री अकराला मी पाणी प्यायला उठलो तर तिसरा अंक चालू होता. "झोप तू," ती वर न पाहता म्हणाली.