मदर्स (छायाचित्रमालिका)

मदर्स ही जपानी छायाचित्रकार इशिउची मियाको (जन्म १९४७) यांची, आईचे अखेरचे दिवस आणि तिच्या मृत्यूनंतर मागे राहिलेल्या वस्तू यांवरील छायाचित्रमालिका आहे. शीर्षक इंग्रजीत असून ते अनेकवचन नव्हे, तर षष्ठीचे रूप आहे. त्याचा अर्थ ‘आईचे’. आईचे काय, हे शीर्षक सांगत नाही. ते छायाचित्रांतून उलगडते.

पार्श्वभूमी

इशिउची यांचे बालपण योकोसुका या नौदलाच्या तळाच्या शहरात गेले. ‘इशिउची मियाको’ हे त्यांच्या आईचे माहेरचे नाव. छायाचित्रकार म्हणून त्यांनी तेच धारण केले. असे असूनही मायलेकींचे फारसे पटत नव्हते. ‘१·९·४·७’ (१९९०) या संग्रहात त्यांनी आपल्याच वयाच्या स्त्रियांचे हातपाय टिपले व पुढे देहावरील व्रणांची छायाचित्रे घेतली. आईच्या अंगावरही उकळत्या तेलाने भाजल्याचे मोठे व्रण होते. २००० साली त्यांनी आईची सुरकुतलेली त्वचा व हे व्रण अगदी जवळून टिपले. त्याच वर्षी, वयाच्या ८४व्या वर्षी, आईचे निधन झाले.

स्वरूप

आई गेल्यावर तिच्या वस्तूंचे करायचे काय, हा प्रश्न उरला. त्या टाकवत नव्हत्या आणि वापरताही येत नव्हत्या. इशिउची यांनी त्यांची एकेक करून छायाचित्रे घेतली: अंतर्वस्त्रे, पादत्राणे, कवळी, केस अडकलेला ब्रश, अर्धवट वापरलेल्या लिपस्टिक. तलम वस्त्रे खिडकीच्या काचेवर लावून ती नैसर्गिक प्रकाशात टिपली. त्यामुळे रिकाम्या वस्त्रातही देहाचा आकार जाणवतो. पूर्वी कृष्णधवल छायाचित्रणासाठी ओळखल्या जाणाऱ्या इशिउची यांनी लिपस्टिकसाठी मात्र रंगीत फिल्म वापरली.

रुग्णशय्या, औषधे किंवा अंत्यविधी यांना या मालिकेत स्थान नाही. आईपणाच्या आड राहिलेली, नटण्याची हौस असलेली स्त्री येथे दिसते. हयातीत न जुळलेला संवाद वस्तूंच्या आधाराने सुरू होतो. येथील शोक हा केवळ विरहाचा नाही. उशिरा झालेल्या ओळखीचाही आहे.

प्रदर्शन व प्रभाव

२००५ च्या व्हेनिस बिएनालेमध्ये जपानच्या दालनात ही मालिका मांडण्यात आली. पुढे हीच पद्धत इशिउची यांनी अनोळखी व्यक्तींच्या वस्तूंसाठी वापरली. ‘हिरोशिमा’ (२००८) या संग्रहात अणुबॉम्बच्या बळींचे कपडे आहेत, तर २०१२ मध्ये त्यांनी मेक्सिको सिटी येथे चित्रकार फ्रिदा काहलो यांच्या वस्तूंची छायाचित्रे घेतली. २०१४ मध्ये त्यांना हॅसलब्लाड पुरस्कार मिळाला.