चौक लिहिणाऱ्या बायका आणि एक जिव्या

हेडफोन नीट लावा, आज जरा गावाकडे जायचंय. डहाणूकडे.

सुरुवात माझ्या चहाच्या मगापासून करतो. त्यावर वारली चित्र आहे. तुमच्याकडेही असणारच, कुर्ता, मोबाईलचं कव्हर, नाहीतर सोसायटीच्या गेटवरची भिंत. त्रिकोणाला त्रिकोण जोडला, वर गोल डोकं काढलं की झाला माणूस. आता सांगा, ही चित्रं पहिल्यांदा कोणी काढली? मला विचारलं असतंत तर मी झटकन 'जिव्या सोमा म्हसे' म्हणालो असतो. शाळेच्या जनरल नॉलेजमध्ये तेवढंच होतं. आणि ते उत्तर अर्धंच बरोबर आहे.

वारल्यांच्या घरात लग्न असलं की भिंतीवर चौक काढतात. कुडाची भिंत, शेणामातीने सारवलेली, त्यावर गेरू. तांदूळ वाटून केलेला पांढरा रंग आणि चावून टोक मऊ केलेली बांबूची काडी. ब्रश वगैरे काही नाही. चौकात मधोमध पालघट देवी, कडेने जाळीदार किनारी, आजूबाजूला झाडं, माणसं, प्राणी. देवीशिवाय लग्न लागत नाही. आणि हा चौक काढायचा मान कोणाचा? सवाशिणींचा. लग्नविधीची गाणी म्हणून देवांना बोलावते तीसुद्धा बाईच, तिला धवलेरी म्हणतात. म्हणजे चित्रही बाईचं आणि मंत्रही बाईचा. पुरुषांनी या भिंतीला हात लावायची रीत नव्हती.

लग्न झालं की चित्राचं काम संपलं. मग धूर बसतो, पावसाळा येतो, पुढच्या सारवणात ते पुसलं जातं. कोपऱ्यात सही नसते. कितीशे वर्षं हे चाललं असेल, आणि त्यातल्या एकाही बाईचं नाव आपल्याला पाठ नाही.

आता यात भास्कर कुलकर्णी येतात. मराठी चित्रकार. १९६६-६७ मध्ये बिहारात मोठा दुष्काळ पडला, तेव्हा पुपुल जयकरांच्या पुढाकाराने हस्तकला मंडळाने त्यांना मधुबनीला पाठवलं होतं. तिथल्या बायका लग्नाच्या खोलीत भिंतीवर चित्रं काढायच्या. त्या म्हणतात 'लिहायची', चित्र तिथे लिहितात. कुलकर्णींनी त्यांना कागद दिला, म्हणजे चित्र विकता येईल आणि घरात चार पैसे येतील. तेच कुलकर्णी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला कागद घेऊन वारल्यांकडे पोचले.

माणूस तोच, कागदही तसाच. पण पुढे जे घडलं ते अगदी उलटं. मिथिलेत बायकांची नावं झाली. जगदंबा देवींना १९७५ मध्ये पद्मश्री, नंतर सीता देवी, गंगा देवी. वारल्यांमध्ये मात्र नाव झालं ते एका पुरुषाचं.

म्हणून जिव्यांवर राग धरायचा का? अजिबात नाही. गंजाड गावचा हा माणूस. लहानपणी आई गेली आणि पोराचं बोलणंच बंद झालं. काही वर्षं तो धुळीत चित्रं काढून सांगायचा, काय हवंय, काय झालंय. पुढे तो रोज काढू लागला. लग्न असो नसो, देवी असो नसो. मासेमारीच्या जाळ्याचं त्यांचं चित्र जमलं तर बघाच, मोबाईलवर झूम करून. हजारो बारीक रेघा, आणि अख्खं जाळं पाण्यात पसरल्यासारखं हलतं. १९७५ मध्ये मुंबईच्या केमोल्ड गॅलरीत प्रदर्शन झालं. २००३ मध्ये जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फला रिचर्ड लाँग या ब्रिटिश कलावंताच्या जोडीने त्यांचं काम मांडलं गेलं. २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये ते गेले. विधीतून चित्र बाहेर काढून त्यांनी त्याला मोकळं केलं, हे श्रेय त्यांचंच.

मला खटकतं ते दुसरंच. आपण 'क्रिएटिव्ह' कोणाला म्हणतो? ज्याने काहीतरी नवं केलं, जे टिकलं, ज्याखाली नाव आहे आणि जे विकत घेता येतं. या चाळणीतून सवाशिणी आपोआपच खाली पडतात. त्यांना आपण 'परंपरा' म्हणतो. छान शब्द आहे, आदराचा वाटतो, पण त्यात माणूस दिसत नाही.

'अहो, पण त्या तर तेच तेच काढायच्या ना?' हा प्रश्न मला एका मित्राने विचारला. चौकाचे नियम ठरलेले आहेत, मान्य. पण भिंतीवर छाप नसतो, स्टेन्सिल नसतं. किनारी किती दाट घ्यायची, झाड कुठून वळवायचं, मोकळी जागा कुठे सोडायची, हे हातात काडी धरलेली बाईच ठरवते. ख्याल गाणाराही राग ठरलेलाच गातो की! त्याला कोणी म्हणतं का, 'काय हो, कालही यमनच गायलात'?

आणि कुठलंही चित्र नसताना जिव्या शून्यातून शिकले असते का? त्रिकोण, गोल, काडीचे हातपाय ही सगळी भाषा त्या भिंतींवर आधीच होती. त्यांनी त्या भाषेत कादंबरी लिहिली म्हणा हवं तर. भाषा घडवणाऱ्या मात्र अनामिक राहिल्या.

आता वारली बायकाही कागदावर आणि कापडावर काढतात, स्वतःचं नाव घालतात. लग्नातला चौकही थांबलेला नाही.

हा भाग लिहिताना माझी आजी आठवली. दारात रोज पहाटे रांगोळी, ठिपके न मोजता. माझ्या फोनमध्ये मगाचे चार फोटो आहेत, तिच्या रांगोळीचा एकही नाही. तुमच्या घरात असं कोणी असेल, रांगोळी, गोधडी, काहीही करणारं, तर आजच फोटो काढा आणि आम्हाला पाठवा. फक्त खाली 'माझी आजी' असं लिहू नका. आजीचं नाव लिहा, पूर्ण.

भेटू पुढच्या भागात.