नवऱ्याचे बिऱ्हाड

बायकोच्या कामासाठी नवऱ्याने गाव, प्रसंगी देश सोडून तिच्या मागोमाग जाणे, या गोष्टीला मराठीत स्वतंत्र शब्द नाही. उलट्या दिशेच्या प्रवासाला मात्र शब्दांची ददात नाही. नवऱ्याची बदली झाली की बिऱ्हाड हलते. परगावी नोकरीला लागलेला माणूस खोली मिळाली की ‘मंडळींना’ नेतो. घरजावई हा शब्द जवळचा वाटतो, पण इथे तो लागू पडत नाही. घरजावई जातो तो सासऱ्याच्या घरी आणि शेतीवाडीवर. बायकोच्या कमाईचा त्यात काही संबंध नसतो. शिवाय तो शब्द बहुतेक वेळा टोमणा म्हणूनच कानावर येतो.

सोलापूर शहर ज्या स्थलांतरांतून वाढले, त्यांची रीत बिऱ्हाडाने नवऱ्यामागे जाण्याचीच होती. १८७७ मध्ये सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल सुरू झाली. पुढे आणखी गिरण्या आल्या, तेव्हा तिलाच लोक ‘जुनी गिरणी’ म्हणू लागले. आसपासच्या दुष्काळी तालुक्यांतून माणसे गिरणीत आली, तर निजामाच्या मुलखातून तेलुगू बोलणारे पद्मशाली विणकर मागासाठी आले. आधी पुरुष यायचा, मग कुटुंब. माग पुरुषाचा मानला जाई. घरातल्या बाईने सूत उकलायचे, कांड्या भरायच्या, आणि त्या कामाची वेगळी मजुरी कुणी मोजत नसे.

जुनी गिरणी सुरू झाली त्याच सुमारास टपाल खात्यातला एक कारकून वेगळ्याच खटपटीत होता. गोपाळ विनायक जोशी मूळचे संगमनेरचे, बिजवर. १८७४ मध्ये कल्याणच्या यमुनेशी त्यांचे लग्न झाले तेव्हा ती नऊ वर्षांची होती. सासरी तिचे नाव आनंदी ठेवले. लग्नानंतर बायकोला शिकवायचे, ही त्यांची अट होती आणि तिच्या अंमलबजावणीत त्यांनी हयगय केली नाही; कठोरपणाही पुष्कळ केला. अलिबाग, कोल्हापूर, भूज, कलकत्ता, बंगालमधले श्रीरामपूर अशा त्यांच्या बदल्या होत गेल्या आणि दर वेळी आनंदीबाई मागोमाग गेल्या. म्हणजे पहिली काही वर्षे या जोडप्याचे बिऱ्हाडही नेहमीच्याच दिशेने हलत होते.

गोपाळरावांनी कोल्हापुरात राहून गेलेले अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर यांना पत्र लिहिले. बायकोला वैद्यकी शिकायची आहे, आणि आपल्यालाही तिकडे एखादी योग्य जागा मिळेल काय, अशी दुहेरी विचारणा त्यात होती. पत्राच्या या उत्तरार्धाकडे सहसा लक्ष जात नाही. बायकोला पुढे पाठवून आपण मागे राहावे, असा मुळात बेतच नव्हता. दोघांनी जायचे आणि तिथे दोघांच्याही हाताला काम असायचे. वाइल्डर यांनी मदतीबरोबर धर्मांतराची सूचना केली. ती जोशींना मान्य नव्हती. वाइल्डर यांनी तो पत्रव्यवहार आपल्या नियतकालिकात छापला. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडोशिया कार्पेंटर दाताच्या डॉक्टरकडे खोळंबून बसल्या असताना तो अंक त्यांच्या हाती पडला. त्यांनी आनंदीबाईंना पत्र लिहिले आणि पुढे आपले घरच त्यांना मोकळे करून दिले. गोपाळरावांसाठी नोकरी मात्र कुणी शोधली नाही.

अखेर १८८३ च्या एप्रिलमध्ये आनंदीबाई कलकत्त्याहून एकट्याच निघाल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या. फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजात त्यांना प्रवेश मिळाला. थंडीमुळे त्यांनी नऊवारी सोडून गुजराती पद्धतीने साडी नेसायला सुरुवात केली, आणि एवढ्याशा बदलाचाही खुलासा पत्रांतून श्रीरामपूरला जात होता. बायको दूर गेली तरी नवऱ्याची नजर टपालातून तिच्यापर्यंत पोहोचत होती, हे त्या पत्रव्यवहारात स्पष्ट दिसते. टपालाचे काम त्यांना ठाऊकच होते म्हणा.

मग गोपाळराव निघाले. त्यांनी सरळ वाट धरली नाही. पूर्वेकडून, पॅसिफिक ओलांडून ते १८८५ मध्ये अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरले आणि व्याख्याने देत देत पूर्वेला सरकले. त्या काळी हिंदुस्थानातून येणाऱ्या प्रवाशाला व्हिसा लागत नसे, त्यामुळे कुणाचा कोण, कोणाच्या आधारावर आला, हे कागदावर सिद्ध करावे लागले नाही. अडचण वेगळीच होती. जिथे बायकोचे यजमान, प्राध्यापक आणि मैत्रिणी आधीपासून होत्या, तिथे गोपाळरावांची ओळख ‘मिसेस जोशींचे पती’ एवढीच होती. त्यांनी व्यासपीठावरून अमेरिकनांच्या चालीरीतींवर आणि ख्रिस्ती धर्मावर कोरडे ओढले. त्यात खरेपणा होता, तसा रागही असावा. ज्यांच्या घरी आनंदीबाई राहत होत्या, त्यांच्याच समाजावर ही टीका होती, आणि तिचा ताण आनंदीबाईंवर आला. १८८८ मध्ये कॅरोलाइन डॉल यांनी लिहिलेल्या इंग्रजी चरित्रात गोपाळरावांचे चित्र फारसे चांगले नाही. पुढच्याच वर्षी आलेले काशीबाई कानिटकरांचे मराठी चरित्र त्यांना बरेच समजून घेते.

११ मार्च १८८६ ला आनंदीबाईंना एम.डी. पदवी मिळाली, तेव्हा गोपाळराव समारंभाला हजर होते. पंडिता रमाबाईही होत्या. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात स्त्रियांच्या विभागाची जबाबदारी आनंदीबाईंना देऊ केलेली होती. म्हणजे परतल्यावर कोल्हापूरला बिऱ्हाड हलणार होते ते बायकोच्या नोकरीसाठी, आणि गोपाळराव दुसऱ्यांदा तिच्या मागे जाणार होते. ती वेळ आली नाही. क्षयाने खंगलेल्या आनंदीबाई नोव्हेंबर १८८६ मध्ये मुंबईला उतरल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात वारल्या. गोपाळरावांचा पुढचा गाजलेला पराक्रम म्हणजे १८९० चे पंचहौद मिशनमधले चहा प्रकरण. टिळक-रानड्यांसह तिथे चहा घेणाऱ्यांची नावे छापून आणून त्यांनी पुण्यातल्या भल्याभल्यांना प्रायश्चित्ताच्या वादात लोटले.

गोपाळरावांनंतर पुष्कळ वर्षे असे जोडपे दुर्मीळच राहिले. त्याला घरच्या रूढी कारण होत्या, तसेच सरकारी नियमही. परदेशात नेमणूक देणारी हमखास नोकरी म्हणजे परराष्ट्र सेवा. १९६१ च्या तिच्या नियमांनुसार स्त्री अधिकाऱ्याला लग्नापूर्वी सरकारची लेखी परवानगी घ्यावी लागे, आणि संसारामुळे कामात अडथळा येतो असे सरकारला वाटले तर राजीनामा मागता येई. बायकोच्या मागे दूतावासात जाणारा नवरा या नियमांनी जवळपास जन्मालाच येऊ दिला नाही. या सेवेतल्या पहिल्या स्त्री अधिकारी सी. बी. मुथम्मा यांनी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. १९७९ मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी या नियमांतला भेदभाव उघड शब्दांत दाखवला: संसाराचा भार कामाच्या आड येत असेल तर तो पुरुषाच्याही येऊ शकतो. नियम काढून टाकले गेले.

सोलापुरात बायकोच्या कामामागे बिऱ्हाड जाण्याचा बदल वेगळ्या वाटेने आला, आणि त्यासाठी समुद्र ओलांडावा लागला नाही. शतक पालटेपर्यंत मोठ्या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. पूर्व भागातल्या हजारो घरांत विडी हा मिळकतीचा भरवशाचा आधार झाला, आणि विडी वळणाऱ्या जवळजवळ सगळ्या बायका. तेंदूचे पान ओल्या फडक्यात मऊ करायचे, पत्र्याच्या मापाने कातरायचे, चिमूटभर तंबाखू पसरून वळायचे, दोरा गुंडाळायचा आणि टोक आत दुमडायचे. मांडीवरच्या सुपात दिवसभरात हजार विड्या झाल्या तर दिवस सार्थकी लागला. कारखान्यात माल देताना तपासणीत काही विड्या ‘छाट’ म्हणून बाजूला निघतात, आणि तो तोटा वळणारीचाच.

१९६६ चा विडी कामगार कायदा, १९७६ चा कल्याण निधी आणि भविष्य निर्वाह निधी यांमुळे या कामाला कागद मिळाले: मजुरीचे पुस्तक, ओळखपत्र, फंडाचा नंबर. ते बाईच्या नावाचे होते, कारण काम तिचे होते. घरबांधणीच्या योजना आल्या तेव्हा पात्रता त्याच ओळखपत्रावर ठरली. हैदराबाद रस्त्यावरच्या भागाचे नावच ‘विडी घरकुल’ पडले. अक्कलकोट रस्त्यावर कुंभारीला कामगार नेते नरसय्या आडम यांच्या पुढाकाराने दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत उभी राहिली. २००६ मध्ये तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते तिचे वाटप झाले. पूर्व भागातली भाड्याची खोली सोडून कुटुंबे शहराबाहेर गेली ती बाईच्या विडीच्या कार्डावर. यंत्रमागावर किंवा हमालीवर असलेला नवरा बिऱ्हाडाबरोबर गेला. त्याला घरजावई म्हणावे असे कुणाला वाटले नाही, कारण घर सासऱ्याचे नव्हते.

परदेशात हीच गोष्ट व्हिसाच्या कागदावर आली. केरळच्या परिचारिका १९६५ च्या स्थलांतर कायद्यानंतर अमेरिकेत गेल्या आणि नवऱ्यांना मागून बोलावून घेतले. समाजशास्त्रज्ञ शीबा जॉर्ज यांच्या अभ्यासानुसार, घरात आणि कामात हरवलेला मान या पुरुषांपैकी अनेकांनी तिथल्या मलयाळी चर्चच्या पदांत शोधला. मराठी तरुणींची संगणक क्षेत्रातली वाट १९९० च्या एच-१बी व्हिसाने रुंद केली. त्यांच्या जोडीदाराला मिळतो तो एच-४. त्यावर राहता येते, शिकता येते, पण नोकरी करता येत नाही; कामाचा परवाना नाही म्हणून सोशल सिक्युरिटी नंबर नाही, आणि तो नाही म्हणून साधे क्रेडिट कार्डही सहजी मिळत नाही. २६ मे २०१५ पासून, ज्यांच्या ग्रीन कार्डाचे काम ठरावीक टप्प्यापुढे गेले आहे, त्यांच्या जोडीदारांना परवाना मिळू लागला. तो घेणाऱ्यांत नव्वद टक्क्यांहून अधिक बायका आहेत; उरलेल्यांत गोपाळरावांचे वारस.

ब्रिटनने २०२० मध्ये आरोग्य क्षेत्रासाठी वेगळा व्हिसा काढला आणि जोडीदाराला त्यावर नोकरीची मुभा दिली. परिचारिकांसाठी ती कायम आहे. वृद्धांची देखभाल करणाऱ्यांना मात्र ११ मार्च २०२४ पासून नवरा किंवा मुले बरोबर आणता येत नाहीत, आणि जुलै २०२५ पासून त्या कामासाठी परदेशातून नवी भरतीच बंद आहे.