आधी तारीख, मग वाट : १९४२ ची ब्रह्मदेशातून पायपीट

आसेगावात बसून ब्रह्मदेशाच्या जंगलाबद्दल कशाला बोलायचं, असा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. रास्त आहे. पण ब्रह्मदेश आपल्यापासून वाटतो तितका लांब नव्हता. जुन्या वाड्यांच्या तुळया दाखवताना लोक आजही 'बर्मा सागवान' असं अभिमानानं सांगतात. टिळकांनी १९०८ ते १९१४ ही वर्षं मंडालेच्या तुरुंगात काढली, हे तर शाळेत असल्यापासून आपल्याला ठाऊक आहे. १ एप्रिल १९३७ पर्यंत ब्रह्मदेश हा ब्रिटिश हिंदुस्थानचाच एक प्रांत होता. लोक तिकडे नोकरीला जायचे ते परदेशात जातोय असं समजून नाही.

आता मूळ मुद्दा. अनेक घरांत एकच वाक्य शिल्लक असतं : 'आमचे बाबा लढाईच्या वेळी रंगूनहून चालत आले.' बस्स, एवढंच. बाबा हयात होते तेव्हा ते त्यावर फार बोलले नाहीत, आणि आपणही विचारलं नाही. ते गेल्यावर मुलांना वाटायला लागतं की ती वाट एकदा आपण चालून बघावी. मग नकाशा उघडतात आणि 'कुठून कुठे' शोधायला लागतात. माझं म्हणणं असं आहे, की 'कुठून' हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न 'केव्हा' हा आहे. १९४२ सालच्या त्या जंगलात जगणं-मरणं वाटेपेक्षा तारखेवर जास्त ठरलं. का, ते आता बघू.

१९३१ च्या जनगणनेत ब्रह्मदेशात दहा लाखांहून जास्त भारतीय होते. रंगून शहरात तर निम्म्याहून अधिक वस्ती भारतीयांची. तेलुगू, तमिळ, ओडिया, बंगाली, हिंदुस्थानी मजूर सगळ्यांत जास्त. मराठी माणसं त्या मानानं थोडी. गोदीत हमाली, भातगिरण्या, रेल्वे, पोस्ट, सफाई, ही सगळी कामं त्यांच्याकडे. २३ डिसेंबर १९४१ ला जपानी विमानांनी रंगूनवर बॉम्ब टाकले आणि लोक शहर सोडून पळायला लागले. पण ही माणसं गेली तर बंदर बंद पडेल, म्हणून सरकारनं सुरुवातीला त्यांना अडवायचाच प्रयत्न केला. बोटीच्या डेकवरून जाणाऱ्या धडधाकट भारतीय पुरुषांवर बंदी आली. उत्तरेकडं प्रोमच्या वाटेला लागलेल्यांना मागे फिरवलं गेलं. बघा, चालायला सुरुवात करायच्या आधीच किती दिवस वाया गेले! आणि पुढे त्या दिवसांची किंमत माणसांनी जिवानं मोजली.

८ मार्च १९४२ ला रंगून पडलं. समुद्राचा मार्ग संपला. आता जमिनीवरून तीनच मुख्य वाटा उरल्या होत्या.

पहिली, प्रोमहून इरावती ओलांडून आराकानचा डोंगर, तिथून तौंगुप, मग किनाऱ्यानं चितगाव. ही वाट वर्षाच्या सुरुवातीच्या महिन्यांतली, कोरड्या ऋतूतली. इथं लोक पाण्यावाचून तडफडले आणि कॉलऱ्यानं मेले.

दुसरी, मंडालेकडून चिंदविन नदी, मग तामू, पालेल आणि मणिपूर. मार्च-एप्रिलमध्ये सगळ्यांत जास्त गर्दी या वाटेवर लोटली. ३ एप्रिलला मंडालेवर बॉम्ब पडले, शहराचा मोठा भाग जळाला, त्यानंतर तर लोंढाच सुटला. १० मे रोजी खुद्द इंफाळवरही बॉम्ब पडले आणि तिथली कशीबशी उभी राहिलेली व्यवस्था विस्कटली.

तिसरी वाट सगळ्यांत उशिराची. म्हणूनच ती सगळ्यांत वाईट. ८ मे ला जपान्यांनी मिच्चिना घेतलं. तिथल्या विमानतळावर आशा लावून बसलेल्यांपुढे आता जंगलाशिवाय काही उरलं नाही. हुकाँग खोरं, शिंगब्वियांग, पांगसाऊ खिंड आणि मग आसामातलं लेडो. साधारण सव्वाचारशे किलोमीटर. आणि वर पावसाळा फुटलेला. गुडघाभर चिखल, जळवा, मलेरिया, फुगलेल्या नद्या. त्याहून वरच्या चौकान खिंडीकडून आलेले काही लोक जूनमध्ये डाफा नदीच्या पुरापाशी अडकले, तेव्हा गाइल्स मॅक्रेल या चहावाल्या साहेबानं हत्ती नेऊन त्यांना पार केलं. पण असे हत्ती किती जणांच्या वाट्याला येणार?

एकूण चार ते पाच लाख माणसं पायी, बोटीनं, जमेल तशी भारतात पोचली असं मानतात. वाटेत मेलेल्यांचा आकडा दहा हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत आणि त्याच्याही वर सांगितला जातो. या आकड्यांत एवढं अंतर का? कारण त्या वेळी कुणी मोजतच नव्हतं.

आता कुणी म्हणेल, जंगलच तसं, माणसं मरणारच. इथं मला आपल्या वारीची आठवण होते. शेगावची पालखी आपल्याच जिल्ह्यातून पंढरपूरला जाते. सातशे किलोमीटरच्या आसपास चाल, तीही आषाढाच्या पावसात. साठी-सत्तरीची माणसं चालतात आणि सुखरूप पोचतात. कशामुळे? पुढच्या मुक्कामाला कुणीतरी चूल पेटवून ठेवलेली असते. पाणी असतं, ओसरी असते, पायाला तेल लावणारा कुणीतरी असतो. अंतर माणसाला मारत नाही, मंडळी. मुक्कामावर चूल नसली की माणूस मरतो. ब्रह्मदेशच्या वाटेवर चुली उशिरा पेटल्या, कमी पेटल्या, आणि सगळ्यांसाठी सारख्या पेटल्या नाहीत. आसामच्या चहामळ्यांतले मजूर हमालीला, रस्ता बांधायला आणि छावण्या चालवायला लावले होते. ते नसते तर आकडा कुठे गेला असता, कल्पना करवत नाही.

'सारख्या पेटल्या नाहीत' हे मी मुद्दाम म्हणालो. मणिपूरच्या बाजूला 'गोऱ्यांची वाट' आणि 'काळ्यांची वाट' हे शब्द लोकांच्या तोंडी रूढ झाले. युरोपियन आणि अँग्लो-इंडियन लोकांना बरा रस्ता, गाड्या, चांगल्या छावण्या. भारतीयांना लांबची पायवाट. सरकार हे नाकारत राहिलं. भारत सेवक समाजाचे हृदयनाथ कुंझरू सीमेवर पाहणी करून आले आणि त्यांनी या भेदभावावर जाहीर टीका केली. गांधीजींनी 'हरिजन'मध्ये त्यावर लिहिलं. १९४२ च्या ऑगस्टमध्ये 'चले जाव' म्हणताना लोकांच्या मनात जो राग होता, त्यात या वाटेवरून परतलेल्यांच्या हकिकतींचाही वाटा होता.

आणि या सगळ्या परतणाऱ्यांचं खातं दिल्लीत कुणाकडे होतं? आपल्या बापूजी अण्यांकडे! लोकनायक माधव श्रीहरी अणे, वणीचे. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात 'परदेशस्थ भारतीय' हे खातं ते सांभाळत होते. हेच अणे १० जुलै १९३० ला पुसदच्या जंगलात गवत कापून तुरुंगात गेले होते. आणि पुसद म्हणजे काही परका मुलूख नव्हे. १९०५ पर्यंतच्या जुन्या बाशीम जिल्ह्यात वाशीम, मंगरूळ आणि पुसद हे तीन तालुके एकत्र होते. जंगल कुणाचं, हा प्रश्न त्यांनी १९३० मध्ये विचारला. बारा वर्षांनी त्यांच्या टेबलावर आल्या त्या दुसऱ्याच जंगलातून चालत येणाऱ्या लाखो माणसांच्या फायली. सरकारात बसून त्या माणसांसाठी किती करता येतं, याची मर्यादा त्यांना कळलीच असणार. फेब्रुवारी १९४३ मध्ये, गांधीजींच्या उपोषणाच्या वेळी, त्यांनी राजीनामा दिला.

या वाटेची एक लेक आपण सगळ्यांनी पडद्यावर पाहिली आहे. नृत्यांगना हेलन. जन्म रंगूनचा. लहानपणी आईबरोबर चालत त्या आसामात पोचल्या. त्या चालीत आईचा गर्भ गेला. दिब्रुगडला दवाखाना, मग कलकत्ता, मग मुंबई. पडद्यावरच्या त्या झगमगाटामागे आईची ती पायपीट आहे, हे आपल्या कधी लक्षात येत नाही.

तर मग वाट शोधायची कशी? घरात कुणी म्हातारं माणूस असेल तर त्यांना 'कोणत्या रस्त्यानं आलात' असं विचारू नका. रस्त्याचं नाव त्यांना तेव्हाही माहीत नव्हतं. दोनच गोष्टी विचारा. भारतात आल्यावर पहिलं रेल्वे स्टेशन कोणतं लागलं? चितगाव म्हणाले तर आराकान. मणिपूर रोड, म्हणजे आजचं दिमापूर, म्हणाले तर तामू-पालेल. सिलचर म्हणाले तर मणिपूरहून फुटलेली ती लांबची पायवाट. लेडो, तिनसुकिया, दिब्रुगड म्हणाले तर हुकाँग. आणि दुसरं, पाऊस होता का? या एका उत्तरात सगळी तारीख येते. धूळ आठवत असेल तर ते मे महिन्याच्या आधी निघाले. जळवा आणि चिखल आठवत असेल, तर त्यांनी काय सोसलं ते त्यांनी का सांगितलं नाही, हेही तुम्हाला कळेल.

ज्यांचे आईवडील आता नाहीत, त्यांनी जुनी पत्रं, नोकरीचे कागद, दवाखान्याच्या चिठ्ठ्या यांवरची तारीख आणि शिक्का बघावा. अण्यांच्या त्या खात्याच्या फायली दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत, आणि 'अभिलेख पटल' या संकेतस्थळावर घरबसल्या शोधता येतात. ती वाट आज जशीच्या तशी चालता येत नाही. मणिपुरात २०२३ पासून अशांतता आहे, पलीकडे म्यानमारात यादवी चालू आहे. अरुणाचलात नाम्पोंगहून पांगसाऊ खिंडीच्या बाजूला जाता येतं, तेही परवाने घेऊन.

पण चालता आलं नाही म्हणून काम थांबत नाही. कोहिमाच्या युद्धस्मशानात १,४२० सैनिकांच्या कबरी आहेत आणि दहन केलेल्या ९१७ हिंदू-शीख सैनिकांची नावं कोरलेली आहेत. वाटेत मेलेल्या हमालाचं, धोब्याचं, बाळंतिणीचं नाव असं कुठे कोरलेलं नाही. आसामीत देवेंद्रनाथ आचार्यांची 'जंगम' ही कादंबरी या पायपिटीवर आहे, तिला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. मराठीत आपल्या घरांतली ती एक-एक वाक्यं अजून विखुरलेलीच आहेत. ती तारखेसकट लिहून ठेवा. कोण निघालं, कधी निघालं, किती जण निघाले आणि किती पोचले. शेवटचे दोन आकडे वेगळे असतील, तर मधल्या माणसांची नावं आधी लिहा.