वणव्याचा ठिपका आणि सरकारी सर्व्हर

विदर्भातल्या जंगलात मोहफुलं वेचायची तर आधी झाडाखालचा पाचोळा जाळून टाकायचा, ही जुनी रीत. जमीन काळी झाली की फिकट फुलं चटकन दिसतात. पण मार्च-एप्रिलचं वारं कुणाच्या हातात असतं? एक झुळूक येते आणि झाडाखालची आग बघता बघता डोंगर चढते. वनखात्याचे लोक त्याआधीच जाळरेषा काढून ठेवतात, रात्रीची गस्त घालतात. तरीही पूर्वी वणव्याची बातमी कळायची ती समोर धूर दिसल्यावर, नाहीतर कुणी धावत येऊन सांगितल्यावर. २००४ पासून ही बातमी आणखी एका वाटेनं येऊ लागली. ती वाट बरीच लांबची होती. आकाशातून अमेरिकेत, तिथल्या एका विद्यापीठाच्या भूगोल विभागात, तिथून देहरादूनला आणि मग आपल्या राज्यात. त्या भूगोल विभागातल्या संगणकाची ही हकिगत आहे.

नासानं १९९९ च्या डिसेंबरात ‘टेरा’ आणि २००२ च्या मे महिन्यात ‘अ‍ॅक्वा’ असे दोन उपग्रह सोडले. दोघांवरही ‘मोडिस’ नावाचं एकच जातीचं उपकरण होतं. ते जमिनीचा एकेक किलोमीटरचा चौकोन न्याहाळतं आणि एखादा चौकोन आजूबाजूच्यापेक्षा फार तापलेला दिसला, तर तिथे आग आहे असं धरतं. दोन उपग्रह मिळून एकाच जागेवरून दिवसरात्रीत साधारण चार वेळा जात. हे सगळं केलं होतं ते हवामानाचा आणि पृथ्वीचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांसाठी. त्यांना माहिती बिनचूक हवी असते, आज हवी असं नसतं. महिन्यानं मिळाली तरी चालते. आग विझवायला निघालेल्या माणसाला महिन्यानंतरची माहिती घेऊन काय करायचं?

ही अडचण २००० च्या उन्हाळ्यात अमेरिकेलाच जाणवली. माँटाना, आयडाहो भागात जंगलं पेटली. त्यानंतर तिथलं वनखातं, नासाचं गॉडर्ड केंद्र आणि मेरीलँड विद्यापीठ यांनी मिळून मोडिसची माहिती काही तासांत हाती देणारी व्यवस्था उभी केली. मेरीलँडच्या भूगोल विभागात क्रिस जस्टिस आणि त्यांचे सहकारी आगींचाच अभ्यास करत होते. त्यांनी पुढचं पाऊल टाकलं. उपग्रहाची माहिती वाचायला खास प्रशिक्षण लागतं, ते जगातल्या किती वनाधिकाऱ्यांकडे असणार? म्हणून त्यांनी इंटरनेटवर एक नकाशा ठेवला, ‘वेब फायर मॅपर’. त्यावर जगातली प्रत्येक सापडलेली आग लाल ठिपक्यानं दाखवलेली. कुणीही उघडावा, आपला मुलूख शोधावा. पुढे या व्यवस्थेचं नाव ‘फर्म्स’ झालं. डायन डेव्हिस यांच्यासारख्या मंडळींनी ती वाढवली आणि ईमेलची सोय जोडली. आपलं अभयारण्य नकाशावर आखून द्यायचं, तिथे ठिपका उमटला की पत्र यायचं. फुकट.

ठिपका म्हणजे काय, हेही समजून घेतलं पाहिजे. तो किलोमीटरच्या चौकोनाचा मध्यबिंदू असतो. वनरक्षक तिथे पोहोचला आणि आग अर्धा किलोमीटर पलीकडे असली, तर उपग्रह खोटा ठरत नाही. ढगांच्या दाट थराखालची आग दिसत नाही. दोन फेऱ्यांच्या मधे लागून विझलेलीही नाही. उलट कधी भर समुद्रात ठिपका दिसतो! तो बहुधा तेलविहिरीवर जळणारा वायू असतो.

अशा उणिवा असूनही लोक या ठिपक्यांवर विसंबू लागले, आणि इथेच खरा पेच सुरू झाला. विद्यापीठाचं काम चालतं अनुदानावर. ते असतं दोन-तीन वर्षांचं, आणि मिळतं नवं काहीतरी शोधून काढण्यासाठी. शोधलेलं रोज सकाळ-संध्याकाळ चालू ठेवण्यासाठी सहसा कुणी पैसे देत नाही. विद्यार्थी पदवी घेऊन जातात, सर्व्हर जुना होतो, नाताळच्या सुटीत वीज गेली तर बघायला कुणी नसतं. शोधनिबंधाला त्यानं काही बिघडत नाही. पण त्याच रात्री हजारो मैलांवर कुणी ईमेलची वाट बघत असेल, तर? प्रयोगशाळेतून कचेरीत जाताना चांगली कामं अशी मधल्यामधे मरतात. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलनं २००० साली हवामान उपग्रहांविषयीच्या अहवालात या अंतराला चक्क ‘मृत्यूची दरी’ म्हटलं होतं.

मेरीलँडच्या मंडळींचं मला कौतुक वाटतं ते इथे. आपण घडवलेली वस्तू आपल्याच हाती राहावी, असं कुणालाही वाटतं. संशोधकाला तर फारच. पण त्यांनी ती दुसऱ्यांच्या हाती सोपवली, आणि एकदा नव्हे, दोनदा. आधी संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेकडे. तिच्या रोममधल्या कार्यालयानं २०१० च्या ऑगस्टमध्ये याच व्यवस्थेची आवृत्ती जगापुढे ठेवली. त्या दिवसांत रशियात जंगलं आणि दलदली जळत होत्या, मॉस्को धुरात बुडालं होतं. मग २०१२ मध्ये मूळ फर्म्स नासाच्या ‘लान्स’ या विभागात गेली. उपग्रहाची माहिती सुमारे तीन तासांत पोहोचवणं, हे लान्सचं नेमून दिलेलं कामच होतं. मेरीलँड विद्यापीठ कॉलेज पार्कला आणि गॉडर्ड केंद्र ग्रीनबेल्टला. मधे अंतर काही मैलांचं. तेवढं अंतर कापायला त्या नकाशाला दहा वर्षांच्या आसपास लागली.

अशा वेळी नुसता प्रोग्राम नव्या संगणकावर चढवून भागत नाही. सरकारी सर्व्हरवर जायचं म्हणजे सुरक्षेचे नियम आले. नोव्हेंबर २००० पासूनच्या आगींचा साठा न्यायचा, ज्यांना पत्रं जातात त्यांची यादी न्यायची, आणि ते चालू असताना एकही दिवस पत्र चुकवायचं नाही. शिवाय पत्ता बदलतो. विद्यापीठाच्या पत्त्यावर जायची सवय लागलेल्या देशोदेशीच्या लोकांना नवा पत्ता कळवावा लागतो. घर बदलणाऱ्याला हे नव्यानं सांगायला नको.

आपल्याकडे देहरादूनची भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था मोडिसचे ठिपके घेऊन आपल्या वनक्षेत्राच्या नकाशावर ठेवत असे. शेतातला पेंढा जळत असेल तर तो वगळायचा, जंगलातली आग तेवढी राज्यांना कळवायची. पुढे ठिपके आपल्याच हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राकडून मिळू लागले आणि मोबाइलवर संदेश जाऊ लागले. २०१७ पासून त्यात एका नव्या उपग्रहाची भर पडली. त्याचा चौकोन किलोमीटरऐवजी ३७५ मीटरचा. सहा वर्षांच्या बोलीवर आकाशात गेलेला टेरा मात्र पंचवीस वर्षं टिकला.

संदेश आल्यावर करायचं ते काम अजून तसंच आहे. ठिकाण नकाशावर बघायचं, रस्ता संपेल तिथे गाडी उभी करायची, पुढे चालत जायचं, आणि हिरव्या फांद्या तोडून आग झोडपायची.