स्वाक्षरी खेळाडूची की छापखान्याची?

खास प्रतिनिधी
ठाणे

नौपाडा असो वा डोंबिवली, जुन्या इमारतींचा पुनर्विकास सुरू झाला की घरोघरचे पोटमाळे रिकामे होतात. भांडीकुंडी आणि दिवाळी अंकांच्या गठ्ठ्यांबरोबर एखादी स्वाक्षऱ्यांची वही, नावांनी भरलेली छोटी बॅट किंवा संघातील सर्वांच्या सह्या असलेला कागद बाहेर येतो. मग घरात दोन तट पडतात. एकाला ती रद्दी वाटते, दुसऱ्याला लाखोंचे घबाड. बहुतेक वेळा दोन्ही अंदाज चुकतात.

लाखांचा हिशेब अगदीच अशक्य नसतो, हे ठाण्याशी नाते असलेल्या एका क्रिकेटपटूच्या वस्तूने दाखवून दिले. भारताकडून चार कसोटी सामने खेळलेले श्रीरंग वासुदेव ऊर्फ रंगा सोहोनी यांचे निधन १९९३ मध्ये ठाण्यात झाले. १९४६ च्या मँचेस्टर कसोटीत दत्ताराम हिंदळेकर यांच्यासह अखेरची १३ मिनिटे खेळून काढत सामना अनिर्णित राखणारे ते हेच सोहोनी. १९४७-४८ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात सर डॉन ब्रॅडमन यांनी आपली हिरवी कसोटी टोपी त्यांना भेट दिली. कुटुंबाने ती पाऊणशे वर्षे जपली. जानेवारी २०२६ मध्ये ऑस्ट्रेलियात तिचा लिलाव झाला आणि तिला चार लाख ६० हजार ऑस्ट्रेलियन डॉलर मिळाले. टोपीच्या आत ब्रॅडमन आणि सोहोनी अशी दोन्ही नावे आहेत. मात्र किंमत केवळ त्या अक्षरांची नव्हती. देणारा कोण, घेणारा कोण, प्रसंग कोणता आणि मधल्या काळात वस्तू कोणाकडे होती, या चारही प्रश्नांची उत्तरे जुळत होती. संग्राहकांच्या जगात याला वस्तूची पूर्वपीठिका म्हणतात, आणि शाईच्या परीक्षेइतकेच तिचे वजन असते.

नुसती स्वाक्षरी मात्र वेगळी गोष्ट. ब्रॅडमन २००१ मध्ये ९२ व्या वर्षी निवर्तले आणि चाहत्यांच्या पत्रांना ते उतारवयातही उत्तरे देत असत. परिणामी त्यांच्या अस्सल स्वाक्षऱ्या जगात विपुल आहेत. याउलट भारताच्या १९३२ च्या पहिल्या कसोटी संघातील अमरसिंग १९४० मध्ये, तिशीही न गाठता गेले. त्यांच्या हातची सही त्यामुळे कितीतरी दुर्मीळ. कीर्ती आणि किंमत यांचे प्रमाण सरळ नसते, ते असे. सचिन तेंडुलकरने साध्या कागदावर केलेली सही घरच्यांना अनमोल वाटली तरी बाजारात तशा सह्यांचा तुटवडा नाही.

आता अस्सलपणाकडे. सर्वांत मोठा घोटाळा खोट्या सहीचा नसतो, छापील सहीचा असतो. कारखान्यातून येणाऱ्या बॅटवर खेळाडूची सही चिकटपट्टीवर छापलेली असते. स्मरणिकांच्या मुखपृष्ठावरही ती असते. दहापट मोठे दिसणाऱ्या भिंगाखाली छपाईचे बारीक ठिपके किंवा सर्वत्र एकसारखी, दाब नसलेली रेघ दिसली की विषय संपला. खऱ्या शाईची रेघ कुठे जाड, कुठे बारीक असते. बॅटवर ती लाकडाच्या रेषांबरोबर किंचित पसरते.

बनावट सही ओळखणे अधिक अवघड. घाईने, सवयीने केलेल्या सहीची सुरुवात आणि शेवट निमुळता होतो, कारण पेन हलत असतानाच कागदाला टेकते व हलत असतानाच उचलले जाते. नक्कल करणारा सावकाश लिहितो. त्याची रेघ थरथरते, टोके बोथट असतात, मध्येच पेन उचलल्याच्या खुणा राहतात. दुसऱ्या एखाद्या सहीशी तंतोतंत जुळणारी सही तर अधिकच संशयास्पद. कोणीही माणूस दोनदा हुबेहूब सारखी सही करत नाही. ताडून पाहायचे ते त्याच काळातील नमुन्याशी. विशीतली आणि पन्नाशीतली सही बदललेली असते.

काळही चुगली करतो. १९३२ च्या सहीत बॉलपेन किंवा १९५० च्या सहीत फेल्ट पेन आढळले तर पुढे पाहायला नको. जुना म्हणून दाखविलेला कागद अतिनील दिव्याखाली निळसर पांढरा चमकला, तर शुभ्रतेसाठी रसायन घातलेला तो नंतरचा कागद असण्याची शक्यता दाट. संघाच्या कागदावर दोन-तीन नावे एकाच वळणाची दिसली, तर एकानेच सहकाऱ्यांची नावे उरकलेली असू शकतात. ड्रेसिंग रूममधला हा जुनाच उद्योग!

प्रमाणपत्र म्हणजे पुरावा, असेही नाही. अमेरिकेत १९९० च्या दशकात एफबीआयने उघडकीस आणलेल्या ‘ऑपरेशन बुलपेन’ प्रकरणात बनावट सह्यांचा माल प्रमाणपत्रांसह विकला जात होता. त्यात मदर तेरेसांची सही असलेले बेसबॉलही निघाले. विकणाऱ्यानेच दिलेल्या प्रमाणपत्राला कागदापलीकडे किंमत नाही. त्रयस्थ संस्थेचा क्रमांक असेल तर तो त्या संस्थेच्या नोंदींत स्वतः पडताळावा, होलोग्रामवर विसंबू नये.

नाव घालून केलेली सही सहसा कमी भावाने जाते, कारण ‘चि. अमुक यास’ ही ओळ दुसऱ्या घराला नको असते. कल्याण मात्र याला अपवाद दाखवते. जानेवारी २०१६ मध्ये प्रणव धनावडेने भंडारी चषक आंतरशालेय स्पर्धेत नाबाद १००९ धावा केल्या आणि १८९९ मधला ए. ई. जे. कॉलिन्सचा नाबाद ६२८ चा विक्रम मोडला. त्यानंतर सचिनने त्याला स्वाक्षरी केलेली बॅट भेट दिली. तिच्यावरून प्रणवचे नाव वजा केले, तर उरते ती आणखी एक सही केलेली बॅट. भेटीची बातमी त्याच वेळी प्रसिद्ध झाली असल्याने पूर्वपीठिकाही आपोआप नोंदली गेली. मुंबईच्या लक्ष्मी मर्चंट यांच्या वहीचेही तसेच. जार्डीनच्या १९३३-३४ च्या एमसीसी संघातील १६ खेळाडूंच्या पानावर महात्मा गांधींनी सतरावी सही केली. ते पान फाडून सह्या सुट्या केल्या तर गोष्टच नाहीशी होईल.

घरातील वस्तूबाबत पहिली खबरदारी म्हणजे लॅमिनेशन करू नये. आपल्याकडे प्रेमापोटी हेच आधी केले जाते, आणि उष्णतेने व चिकट द्रव्याने वस्तू कायमची बिघडते. बॅटवर वॉर्निश नको, पुसट अक्षरे पेनने गिरवणे तर नकोच. उन्हात शाई उडते आणि ठाण्याच्या पावसाळ्यात बुरशी धरते, त्यामुळे आम्लरहित कागदात, सिलिका जेलच्या पुडीसह कोरड्या कपाटात ठेवणे बरे. सही कोणी, कधी, कुठल्या मैदानावर घेतली, हे घरातील वडीलधाऱ्यांकडून तारखेसह वेगळ्या कागदावर लिहून घ्यावे. सामन्याचे तिकीट किंवा छायाचित्र सापडले तर सोबत ठेवावे.

विकायचेच असेल तर भाव मागण्यापूर्वी प्रत्यक्ष झालेल्या लिलावांतील विक्रीचे आकडे पाहावेत. संकेतस्थळांवर विक्रेत्यांनी लावलेली किंमत ही त्यांची इच्छा असते, भाव नव्हे. विकत घेताना वर्णनासह पावती घ्यावी. बनावट वस्तू अस्सल म्हणून गळ्यात मारल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीची तक्रार करता येते, आणि तेव्हा पहिली मागणी त्या पावतीचीच होते.